लक्ष्मीचे पातळ

लक्ष्मीपूजनाला मालगुंडात घरोघरी जी तसबीर पुढे येते, तिच्यातले रूप बहुधा राजा रविवर्म्याच्या १८९६ च्या लक्ष्मीवरून आलेले असते. तिचे पातळ, तिची शिवलेली चोळी एकोणिसाव्या शतकातली. प्राचीन शिल्पांतली लक्ष्मी निराळी. लिओनार्दोनेही शेवटच्या भोजनाला ख्रिस्ताला मेजाशी बसविले. त्या काळी मेजवानीत रेलून जेवत.

मग हे चित्रकार खोटे बोलले काय? मला तसे वाटत नाही. देव घरचा वाटावा म्हणून त्यांनी त्याला आपली वस्त्रे दिली. १८९४ साली मुंबईत निघालेल्या रविवर्म्याच्या छापखान्याने तर देवळाबाहेर ताटकळणाऱ्यांच्याही भिंतीवर देव नेला. खोटेपणा आपला: चित्रालाच पुरावा मानून आपण दुसऱ्याच्या कल्पनेवर काठी उगारतो. वर्गात मी मुलांना एवढेच सांगतो: हात जरूर जोडा, पण चित्राचे साल विचारा.