इमान कोणाशी?



पौर्णिमेची वंदना आटोपून चार माणसे विहारात बसली की आपल्या भंडारा जिल्ह्यात हल्ली एक तक्रार हमखास निघते. बाप म्हणतो, "मी जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत एकाच नोकरीत उभी हयात काढली. या पोराने तीन वर्षांत तीन मालक बदलले. याला इमान कसे ते ठाऊक नाही." मुलगा म्हणतो, "मला अकरा महिन्यांच्या करारावर ठेवतात. मग मी जन्मभराचे इमान कुठून देऊ?" तुम्ही नुकतीच दीक्षा घेतली असेल, तर या तंट्यात आणखी एक टोमणा ऐकला असेल : "हेच शिकवले काय तुझ्या बुद्धाने?"

तर बुद्धाने काय शिकवले ते पाहू. राजगृहाजवळ सिगाल नावाचा गृहस्थपुत्र रोज सकाळी ओल्या वस्त्रांनी सहा दिशांना हात जोडीत असे. तथागतांनी त्याला सांगितले, दिशा म्हणजे आपल्या भोवतीची माणसे. आईवडील ही पूर्व दिशा, आणि सेवक व कामकरी ही खालची दिशा. (खालची म्हणजे हीन नव्हे. घराचा पाया खालीच असतो.) हा मालक-नोकरांचा विनय बाबासाहेबांनी आपल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात गृहस्थांसाठी मुद्दाम घातला आहे. त्यातील क्रम नीट पाहा. मालकाची कर्तव्ये आधी येतात : शक्तीप्रमाणे काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारात सांभाळावे, गोडधोड वाटून खावे, वेळेवर सुटी द्यावी. अशी वागणूक मिळालेल्या सेवकाने मग नेकीने काम करावे, दिले तेवढेच घ्यावे, मालकाचे नाव राखावे. म्हणजे सेवकाचे इमान हे मालकाच्या वागणुकीला दिलेले उत्तर आहे.

आता आपल्या आजोबांकडे वळा. जुन्या मध्य प्रांतात गावचा कोतवाल बहुधा आपल्यापैकीच असे. मेलेले ढोर ओढणे, मयताचा सांगावा घेऊन उन्हापावसात परगावी धावणे, मालगुजाराची बेगार करणे, हे सारे जन्माने मिळत होते. गावाला ते आजोबांचे इमान वाटे. पण जे काम सोडताच येत नाही, तिथे इमान कसले? १९३८ साली मुंबईच्या विधिमंडळात संपावर बंधने घालणारे बिल आले, तेव्हा बाबासाहेबांनी हाच मुद्दा मांडला होता. काम सोडण्याबद्दल माणसाला शिक्षा करणे म्हणजे त्याला गुलाम करणे, असे त्यांचे म्हणणे होते. मालगुजारी १९५१ साली गेली. १९५६ च्या दीक्षेनंतर ज्यांनी ढोर ओढण्यास साफ नकार दिला, त्यांनी आपल्या समाजातला पहिला मालक बदलला. तेव्हा आजच्या पोराला कोणी 'बदलू' म्हणून हिणवू नये. तो आजोबांच्याच वाटेने निघाला आहे.

पण मुलानेही बापाला 'गुलाम' म्हणू नये. १९६४ साली जवाहरनगरला निर्माणी निघाली. ज्या माणसाला गावात नुसत्या जातीने हाक मारीत, त्याचे पूर्ण नाव तिथल्या हजेरीपटावर आले. ठरल्या तारखेला पगार, ठरलेले तास, दवाखाना, हक्काची रजा, म्हातारपणी पेन्शन. सिगालाला सांगितलेल्या कर्तव्यांशी हे ताडून पाहा. बापाचे इमान त्याला दिलेले उत्तर होते. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब मजूरमंत्री होते आणि १९४६ साली कारखान्यांत आठवड्याचे ४८ तास ठरले, हेही पोरांना सांगा. ते तास कोण्या मालकाने मन मोठे करून दिलेले नव्हते.

पुढे काळ पालटला. १ जानेवारी २००४ पासून केंद्र सरकारच्या नोकरीत नव्याने लागलेल्यांना जुनी पेन्शन राहिली नाही. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माण्यांच्या कंपन्या झाल्या. २४ जानेवारी २०२५ रोजी जवाहरनगरात स्फोट होऊन ८ कामगार गेले. सकाळी कामावर गेलेला माणूस संध्याकाळी धडधाकट घरी यावा, हे तर सर्व कर्तव्यांच्या आधीचे.

या बाप-लेकांच्या वादात आईचे नाव कोणी काढीत नाही, याचे मला नवल वाटते. तिने ओसरीत बसून सुपात पत्ता, तंबाखू, सूत घेऊन वर्षानुवर्षे बिड्या वळल्या. हजाराचा हिशेब लावताना ठेकेदार छाट काढी. छाट काढलेल्या बिडीचा पैसा तिला नाही, आणि बिडीही परत नाही! तिने कोणाशी इमान राखावे? कामठीच्या बाबू हरदास एल. एन. यांनी याचे उत्तर १९३० नंतरच्या दशकात दिले. 'जयभीम' हा शब्द ज्यांनी रूढ केला तेच हे हरदास. त्यांनी बिडी कामगारांची संघटना बांधली. १९३७ साली ते विधिमंडळावर निवडून गेले आणि १२ जानेवारी १९३९ रोजी, अवघ्या पस्तिशीत, निर्वाण पावले. सुपापाशी बसलेल्या बाईचे इमान शेजारच्या सुपाशी, हे त्यांनी दाखविले. एकीची छाट वाजवीपेक्षा जास्त निघाली तर सगळ्यांनी हात थांबवायचे.

तरुणांनो, तुम्हाला मात्र एक कडू गोष्ट सांगायची आहे. मालक बदला, खुशाल बदला. पण उचल घेऊन रातोरात नाहीसे होणे, जोडीदाराच्या अंगावर अर्धे काम टाकून जाणे, हे 'अदिन्नादाना'त येते. न दिलेले घेणे म्हणजे केवळ कुलूप फोडणे नव्हे. एका दिवसाचा मालक असला तरी त्या दिवसाचे काम चोख झाले पाहिजे. आणि नवी नोकरी धरताना पाचशे रुपये जास्त मिळतात एवढेच बघू नका. तिथे शिकायला काय मिळेल, सोबत्यांसाठी तोंड उघडता येईल काय, हेही विचारा. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्यांबद्दल जी खंत बोलून दाखविली, ती नोकरी न मिळालेल्यांबद्दल नव्हती. मिळाल्यावर पाठ फिरवणाऱ्यांबद्दल होती.

येत्या पौर्णिमेला बापाने मुलाचा करारनामा हातात घेऊन शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा. मुलाने बापाला पहिल्या पगाराच्या दिवसाची गोष्ट विचारावी. आणि आईचे बिडी कामगाराचे कार्ड कुठे ठेवले आहे, तिच्या भविष्य निर्वाह निधीचा भरणा झाला की नाही, हे दोघांनी मिळून शोधावे.