नाव कुणाचं मोठं लिहायचं?

"अण्णाभाऊ खरे भेटतात ते 'फकिरा'त. कलापथकातलं सगळं प्रचारकी." जयंतीच्या कार्यक्रमानंतर एका समीक्षक मित्रानं सहज टाकलेलं हे वाक्य अजून सलतंय.

दीड दिवसाची शाळा, वाटेगावाहून मुंबईपर्यंतची पायपीट, गिरणी, चिरागनगर हे मराठी वाचकाला सांगायला नको. पोवाडा, वग, कथा, कादंबरी, रशियाचं प्रवासवर्णन हेही नको. मला बोलायचंय ते १९४४ च्या लाल बावटा कलापथकाबद्दल. वाटेगावचे अण्णाभाऊ साठे, बार्शीचे अमर शेख, निपाणीकडचे द. ना. गव्हाणकर. तिघंही बाहेरून मुंबईत आलेले आणि समोर बसलेला गिरणी कामगारही गाव मागं टाकून आलेला. लोकांसाठी लिहिणं वेगळं, लोकांबरोबर लिहिणं वेगळं.

'माझी मैना' घ्या. गावी राहिलेल्या बायकोसाठी झुरणारा माणूस बोलता बोलता बेळगाव, कारवार, डांग, उंबरगावपर्यंत पोचतो. घराची ताटातूट आणि मुलखाची ताटातूट एकाच दमात. छक्कड अण्णाभाऊंची, घुमली ती अमर शेखांच्या पहाडी आवाजात. आणि गव्हाणकरांची निपाणी बेळगाव जिल्ह्याबरोबर १९५६ साली म्हैसूर राज्यात गेली, ती आजही कर्नाटकात आहे. मित्राला हा प्रचार वाटतो. ज्याचं गाव तुटलं, त्याला विचारा.

कलापथकाच्या तमाशाचंही तेच. गणात गणपतीऐवजी मायभूमीला नि हुतात्म्यांना वंदन आलं, गवळणीला फाटा मिळाला, पण वग राहिला, ढोलकी राहिली. जत्रेत ऐकलेली ढोलकी कामगार मैदानात वाजली की परगावचा माणूस थांबणारच. थांबला की संपाची गोष्टही ऐकणार.

म्हणून श्रेय सगळ्यांचं माना, एकाच नावाचा जयजयकार नको, असं म्हणायला मी बसलो होतो. पण इथवर आल्यावर ते पटेना. मातंग समाजातल्या, शाळेत टिकू न शकलेल्या माणसाचं नाव पुस्तकावर छापून येणं सोपं नव्हतं. आता 'सामूहिक निर्मिती' म्हणत ते पुसट केलं, तर गावकुसाबाहेर ठेवण्याचीच ती सभ्य रीत होईल. अण्णाभाऊंचं नाव मोठंच राहायला हवं. त्याखाली जागा मात्र रिकामी ठेवू नये.

येत्या १ ऑगस्टला फलक छापणाऱ्या मंडळांना माझी विनंती आहे. अण्णाभाऊंच्या फोटोखाली अमर शेख आणि गव्हाणकर ही नावं घाला. तुमच्या चाळीतल्या कुणाचे आजोबा त्या पथकात ढोलकीवर किंवा झील धरायला असतील, तर घरच्यांना विचारून त्यांचंही नाव लिहून घ्या.