साधनविवेक

साध्य कोणतें असावें याविषयीं आपल्याकडे पुष्कळ लिहिलें गेलें आहे; साधन कोणतें असावें याविषयीं मात्र फारसें लिहिलें जात नाहीं. साधन ही बाजारांत जाऊन उरकण्याची गोष्ट, तिच्यांत विचार करावयाचा तो किंमतीचा आणि टिकाऊपणाचा, असा सामान्य समज आहे. आमच्या मतें हा समज अपुरा आहे. माणूस साधन निवडतो तेव्हां आपण कोणावर विसंबून राहणार हेंही तो न कळत निवडीत असतो. आपल्या देहास किती श्रम द्यावयाचे, आपली अडचण कोणाच्या दारीं न्यावयाची, हें सारें त्याच निवडींत ठरून जातें. म्हणून हा प्रश्न नीतीच्या कक्षेंत येतो. मोठ्या यंत्रापेक्षां लहान यंत्राच्या आधारानें तो अधिक स्पष्ट दिसतो. यास्तव दूरच्या प्रवासासाठीं एकेक भाग निवडून बांधून घेतलेल्या सायकलीचें उदाहरण आम्ही येथें घेत आहों.

हल्लीं सुशिक्षित कुटुंबांतील तरुण मंडळी, आणि कांहीं ठिकाणीं तरुण नसलेलीही, सायकलवर सामान बांधून आठ-पंधरा दिवसांच्या प्रवासास निघूं लागली आहेत. तयार सायकल न घेतां सांगाडा एका ठिकाणचा, चाकें दुसऱ्या ठिकाणचीं, अशी जुळवणी करण्याची हौसही वाढली आहे. या जुळवणींत सर्वांत अधिक खल होतो तो पायांचा जोर मागील चाकापर्यंत पोंचविणाऱ्या भागांविषयीं. पायडल ज्यास बसवितात तो क्रँक, त्यावरील दातेरी चक्रें, साखळी, मागील चक्रांचा संच, आणि साखळीस एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा डिरेलर, हे ते भाग होत.

भिवंडीहून नाशिककडे निघालेल्या प्रवाशाचेंच पाहा. कामवारी नदीच्या कांठचें हें गांव समुद्रसपाटीपासून फारसें उंच नाहीं. मुंबई-आग्रा रस्त्यानें पडघा व शहापूर मागें टाकून तो कसाऱ्यास पोंचतो. पुढें थळ घाट लागतो, आणि घाट चढून गेल्यावर सुमारें ६०० मीटर उंचीवर इगतपुरी आहे. माणूस, सायकल आणि सामान मिळून १०० किलो वजन धरलें, तर क्विंटलभर ज्वारीचें पोतें सहाशें मीटर उंच नेऊन ठेवण्याइतकें काम त्याच्या पायांनीं करावयाचें आहे. आपल्या नेहमींच्या काळ्या सायकलीस पुढें ४४ आणि मागें १८ दांत असले, तर पायडलाच्या एका फेऱ्यांत ती सुमारें साडेपांच मीटर पुढें जाते. घाटांत ताशीं सहा किलोमीटरांच्या गतीनें चढावयाचें म्हणजे मिनिटास अठरा फेरे. प्रत्येक फेऱ्यास सारें अंग पायडलावर टाकावें लागतें, आणि बहुतेक माणसें अशा वेळीं खालीं उतरून सायकल ढकलूं लागतात. तेंच पुढें २२ आणि मागें ३४ दांतांची चक्रें जुळविलीं, तर एका फेऱ्यांत सायकल १.३ मीटरच सरकते. गति तीच ठेवली तर मिनिटास पंचाहत्तरांवर फेरे होतात, पण पावलावरील भार चौथाईवर येतो.

या सोयीविरुद्ध नीतीचाच आक्षेप एकदां घेतला गेला होता. फ्रान्समध्यें १९०३ सालीं सुरू झालेल्या प्रसिद्ध सायकल-शर्यतीचे जनक आंरी दग्रांज यांचें मत असें होतें कीं, चक्र बदलण्याची सोय ही पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठीं आहे. खऱ्या वीरानें स्नायूंच्या बळावर जिंकावें. त्यांच्या शर्यतींत डिरेलरला १९३७ पर्यंत मज्जाव होता. उलट पक्षीं सेंत-एत्येन गांवचे पॉल द विव्ही (१८५३–१९३०) यांनीं ‘व्हेलोसिओ’ या टोपणनांवानें आपल्या मासिकांतून अनेक चक्रांचा पक्ष आयुष्यभर लढविला, आणि स्वतः डोंगरांतून दूरदूरचे प्रवास करून तो सिद्धही केला. एका बाजूस शर्यत, दुसऱ्या बाजूस प्रवास. एकास प्रतिस्पर्धी हरवावयाचा होता, दुसऱ्यास डोंगरापलीकडचें गांव पाहावयाचें होतें.

आमच्या मतें या वादाचा निकाल गणितानेंच लागतो. लहान चक्रामुळें काम कमी होत नाहीं. शंभर किलोंचें ओझें सहाशें मीटर चढवावयाचें तें चढवावेंच लागतें, त्यांतून एक तोळाही कोणी सूट देत नाहीं. चक्र बदलल्यानें एवढेंच होतें कीं, एकदम द्यावयाचें देणें हप्त्यानें देतां येतें. हप्त्यानें कर्ज फेडणारा माणूस अप्रामाणिक ठरत नाहीं. तसाच घाटांत लहान चक्र घालणारा आळशी ठरत नाहीं. गुडघे झिजवून मिळविलेल्या शौर्यास तपश्चर्या म्हणण्याची आपल्याकडे संवय आहे. परंतु देहास विनाकारण क्लेश देणें हें तप नव्हे. साठीच्या गृहस्थास, दमेकऱ्यास किंवा लेकरू पाठीशीं बसविलेल्या मातेस जें साधन घाट चढूं देतें, तें माणुसकीच्या पक्षाचेंच साधन होय.

इतकें मान्य झालें म्हणजे दुसरा आणि अधिक कठीण प्रश्न उभा राहतो. चक्रें हवींत, पण कोणत्या जातीचीं? येथें दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग सूक्ष्मतेचा. मागें बारा चक्रांचा संच, त्यास साजेशी अरुंद साखळी, आणि एका खटक्यासरशीं नेमक्या जागीं जाणारा डिरेलर. किंवा त्याहूनही पुढें जाऊन मागील चाकाच्या तुंब्यांत बंद केलेली गिअरपेटी. जर्मनीच्या रोलॉफ कंपनीच्या अशा पेटींत १४ गिअर असतात, सर्वांत वरचा गिअर सर्वांत खालच्याच्या पांचपटींहून अधिक असतो, आणि पांच हजार किलोमीटरांनीं किंवा वर्षांतून एकदां तेल बदललें कीं भागतें. दुसरा मार्ग सर्वसामान्यतेचा. चौकोनी टोंकाच्या आंसावर बसणारा जुन्या पद्धतीचा क्रँक, पुढें २२, ३२ व ४४ दांतांचीं तीन चक्रें, मागें ११ पासून ३४ दांतांपर्यंत आठ-नऊ चक्रांचा संच, आणि खटका नसलेली साधी कळ. या कळीवर साखळी नेमकी कोठें बसली हें हाताला व कानाला कळावें लागतें; परंतु मागें सात चक्रें असोत वा नऊ, ती कुरकुर करीत नाहीं, आणि तार सैल झाली किंवा डिरेलर किंचित् वांकला तरी काम निभावून नेते.

केवळ गुणांची तुलना केली तर पहिला मार्ग हिणकस आहे असें कोणासही म्हणतां येणार नाहीं. बंद पेटींत धूळ शिरत नाहीं, पावसाळ्याचा चिखल शिरत नाहीं, आणि वर्षानुवर्षें ती तक्रार करीत नाहीं. परंतु तिनें तक्रार केलीच, तर ती ऐकणारा कान हजारों कोसांवर असतो. साधा भाग अधिक वेळां बिघडतो, पण त्याची भाषा शहापुरांतल्या किंवा घोटींतल्या दुकानदारास समजण्यासारखी असते. छर्रे, तार, साखळीचा दुवा, पान्हा आणि ग्रीस एवढ्यांत त्या भाषेचा बहुतेक शब्दकोश संपतो. म्हणून प्रश्न असा कीं, क्वचित् बिघडणारें पण आपल्यास अगम्य असें साधन चांगलें, कीं वरचेवर लक्ष मागणारें पण सुगम असें साधन चांगलें?

या प्रश्नाचा धडा घ्यावयास भिवंडीसारखें दुसरें गांव नाहीं. हातमागाच्या जागीं यंत्रमाग आले, त्यांतले पुष्कळसे मुंबईच्या गिरण्यांनीं टाकून दिलेले, जुन्या बाजारांतून घेतलेले होते. १८ जानेवारी १९८२ रोजीं मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, आणि कापड विणण्याचें पुष्कळ काम अशा यंत्रमागांच्या गांवांकडे वळलें. ज्या मागाची किंमत गिरणीनें भंगाराची ठरविली होती तो येथें दशकानुदशकें धोटा फेंकीत राहिला. याचें कारण त्या लोखंडांत कांहीं अलौकिक गुण होता असें नव्हे. तो माग खोलणारा मिस्त्री शेजारच्या गल्लींत होता, त्याचा तुटलेला भाग ओतून किंवा घांसून देणारा कारागीर त्यापलीकडच्या गल्लींत होता, आणि मागावर उभा असणारा विणकर आवाजावरून बिघाड ओळखीत होता. यंत्राचें आयुष्य यंत्रांत नसून त्याच्या भोंवतालच्या जाणत्या माणसांत असतें, हें तत्त्व या गांवानें लिहून नव्हे तर करून दाखविलें आहे.

परंतु हें सांगून आम्ही येथेंच थांबलों तर तें अर्धसत्य होईल. तोच जुना माग कानठळ्या बसविणारा आहे. त्याच्या शेजारीं दिवसाचे बारा-बारा तास उभें राहणाऱ्याच्या कानांची आणि फुप्फुसांची किंमत कोणत्याही हिशेबाच्या वहींत मांडली गेली नाहीं. तो माग टिकला याचें एक कारण दुरुस्तीची विद्या हें असलें, तर दुसरें कारण श्रम स्वस्त होते हेंही आहे. धोट्याविना चालणारे नवे माग अधिक कापड, आणि चांगलें कापड, विणतात. तेव्हां जुनें तें साधें, साधें तें सात्त्विक, अशी परंपरा लावणें हा विचाराचा आळस आहे. ज्यास निवड करण्याची ऐपत आहे त्यानें, ज्यास निवडच नाहीं त्याच्या साधनाची थोरवी गावी, यांत एक प्रकारचें क्रौर्य आहे. गांवोगांव काळीच सायकल दिसते ती तेथील लोक विरक्त आहेत म्हणून नव्हे. ती परवडते म्हणून.

हीच सावधगिरी सायकलीच्या भागांतही बाळगली पाहिजे. सर्वांत साधा भाग तोच सर्वांत बळकट असें मुळींच नाहीं. चाकाच्या तुंब्यावर पेंचानें बसविलेलें अनेक चक्रांचें फ्रीव्हील घ्या. तें कोठेंही मिळतें. पण त्यांत उजव्या बाजूचे छर्रे चक्रांच्या आंत दूरवर राहतात, आंसाचा मोठा भाग निराधार राहतो, आणि पाठीवर ओझें असलें म्हणजे तो वांकतो किंवा मोडतो. कॅसेट पद्धतीच्या तुंब्यांत छर्रे थेट टोंकाशीं आणल्यामुळें हा दोष गेला. येथें नवें तेंच निवडावें. जुन्याचा आग्रह धरणें हा विवेक नव्हे, हट्ट आहे.

मग कसोटी कोणती? स्वावलंबन ही, असें पुष्कळ जण सांगतील. पण हा शब्द जरा तपासून घ्यावा लागतो. बंद पेटी घेणारा म्हणतो, ‘मला वाटेंत कोणाचीच गरज पडणार नाहीं’. साधे भाग घेणारा म्हणतो, ‘माझें मी दुरुस्त करीन’. वस्तुतः दोघेही परावलंबी आहेत. एकाच्या गिअरपेटीमागें परदेशांतील कारखाना उभा आहे. दुसऱ्याच्या साखळीमागें लुधियानाचा, जपानचा किंवा तैवानचा कोणी कारागीर उभा आहे. हॅन्स रेनॉल्ड यानें १८८० सालीं मँचेस्टर येथें जी रूळांची साखळी सिद्ध केली, तिचेंच वंशज आजही अर्ध्या इंचाच्या दुव्यांनीं जगभर फिरत आहेत. संपूर्ण स्वावलंबी असा मनुष्य अनवाणी चालणाराच, आणि त्यासही वाटेंत पाणी कोणी तरी द्यावें लागतें. निवड परावलंबन आणि स्वावलंबन यांच्यांत नसून, डोळस परावलंबन आणि आंधळें परावलंबन यांच्यांत आहे. ज्याच्यावर आपण विसंबतों त्याचें काम आपल्यास थोडेंफार समजतें काय, त्याचा मोबदला त्याच्या हातीं पडतो काय, आणि त्याच्यावांचून अडलों तर निदान पुढच्या गांवापर्यंत जाण्याचा उपाय आपल्यापाशीं आहे काय, हे तीन प्रश्न विचारून पाहावे.

गांधीजींचा यंत्रांस असलेला विरोध प्रसिद्ध आहे. तथापि १९२४ सालीं या विषयावर बोलतांना त्यांनीं शिवणयंत्राचा अपवाद केला होता. यंत्र माणसाच्या हातापायांस निकामी करतें कीं त्यांस साह्य करतें, या भेदावर तो अपवाद उभा होता. सायकल या भेदाच्या योग्य बाजूस जन्मतःच आहे. परंतु आम्हांस त्यांत एका अटीची भर घालावीशी वाटते. साह्य करणाऱ्या यंत्रानें हातापायांबरोबर बुद्धीसही बेकार करूं नये. ज्या साधनाचा बिघाड आपल्यास केवळ चकित करतो, तें आपल्या मालकीचें असलें तरी आपलें झालेलें नसतें.

या विचारानें पाहतां, आपल्या देशांतील प्रवासासाठीं आम्ही दुसऱ्या मार्गाकडे झुकतों. मात्र झुकतों एवढेंच. तीन चक्रांचा क्रँक, आठ-नऊ चक्रांचा कॅसेट, साधी कळ, आणि पिशवींत एक जादा तार, साखळीचे दोन दुवे व साखळी तोडण्याचें हत्यार, एवढ्यांत थळ घाट चढतां येतो आणि त्यापुढील बहुतेक घाटही. वांचलेला पैसा मजबूत चाकांवर खर्चावा, कारण ओझें अखेर त्यांवरच पडतें. ज्यास निर्जन प्रदेशांतून महिनोन् महिने एकट्यानें जावयाचें आहे, किंवा ज्याचे हात सांधेदुखीमुळें पान्हा धरूं शकत नाहींत, त्यानें बंद पेटी घेतली तर तिला आम्ही चैन म्हणणार नाहीं. मुंबईचे आदि हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे पारशी तरुण १९२३ च्या ऑक्टोबरांत निघून १९२८ च्या मार्चांत पृथ्वीप्रदक्षिणा करून परतले, तेव्हां डिरेलर सार्वत्रिक झाला नव्हता. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी हिनें २०१८ सालीं एकोणतीस हजार किलोमीटरांचा प्रवास पुरा केला, तेव्हां साधनांचें जग पार पालटलें होतें. साधन निराळें असूनही प्रवास होतो, यावरून साधन गौण ठरत नाहीं. साधनाशीं असलेलें आपलें नातें अधिक महत्त्वाचें ठरतें, इतकेंच.

तें नातें कशानें टिकतें हें साखळीच उत्तम सांगते. नव्या साखळीचे चोवीस दुवे मोजले तर ते बरोबर बारा इंच भरतात. झिजतां झिजतां तीच लांबी एक-षोडशांश इंचानें वाढली, कीं साखळी बदलावी. तेवढें केलें तर दातेरी चक्रें पुष्कळ काळ टिकतात. न केलें आणि वाढ एक-अष्टमांश इंचावर गेली, तर सैल झालेली स्वस्त साखळी महाग चक्रांचे दांत आपल्या मापाचे करून घेते, आणि मग नवी साखळीही त्यांवर बसत नाहीं. साधें साधन निवडलें म्हणून कोणी साधा होत नाहीं, आणि भारी साधन घेतलें म्हणून कोणी सुखी होत नाहीं. एक पट्टी घेऊन महिन्यांतून एकदां साखळीशेजारीं बसावयाची ज्याची तयारी आहे, त्यानें कोणतेंही साधन निवडावें. ज्याची ती तयारी नाहीं, त्यानें निवडीचा खल कितीही केला तरी तो व्यर्थ आहे.