रस्ता अडवला म्हणून

परवा सकाळी एका सरकारी कार्यालयाच्या फाटकाशी पंधरा-वीस बायका उभ्या होत्या. प्रत्येकीच्या हातात प्लास्टिकची रिकामी घागर. आठ दिवस नळाला पाणी नाही, साहेबांना भेटायचंय, एवढंच त्यांचं म्हणणं. पहारेकरी पुढे आला आणि म्हणाला, "अम्मा, रास्ता मत रोकिए." पाण्याबद्दल तो काही बोलला नाही. त्या बिचाऱ्याच्या हातात तरी काय होतं! पण ते वाक्य माझ्या डोक्यातून दिवसभर गेलं नाही. शंभर वर्षांपूर्वी ते फार मोठमोठ्या माणसांनी उच्चारलेलं आहे.

आमच्या जबलपुरातला टाउन हॉल आता गांधी भवन म्हणून ओळखला जातो. १९२२ साली काँग्रेसची चौकशी समिती इथे आली, तेव्हा त्याच्यावर झेंडा चढला. वर पांढरा, मधे हिरवा, खाली तांबडा पट्टा आणि त्यावर चरखा, असा तेव्हाचा झेंडा. इवलीशी ती गोष्ट, पण तिच्यावरून थेट लंडनच्या पार्लमेंटात प्रश्न विचारले गेले. पुढच्या वर्षी पुन्हा परवानगी मागितली, तेव्हा अधिकाऱ्यानं अट घातली की शेजारी युनियन जॅकही लावा. लोकांनी ती धुडकावली. १८ मार्च १९२३ रोजी पंडित सुंदरलाल यांच्या पुढाकारानं मिरवणूक निघाली, आणि प्रेमचंद जैन, सीताराम जाधव, परमानंद जैन, खुशालचंद जैन हे चौघे टाउन हॉलवर चढले. सुंदरलालजींना सहा महिन्यांची कैद झाली. त्या चौघांची नावं मी मुद्दाम पुरती लिहिली. गावातल्या गावात ती विसरली जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

जबलपूरची ही ठिणगी नागपुरात जाऊन पडली. तिथे सरकारनं झेंड्याचं नावच काढलं नाही. १४४ कलम लावलं आणि मिरवणुकीनं सिव्हिल लाइन्सकडे यायचं नाही, एवढंच फर्मावलं. म्हणजे प्रश्न रस्त्याचा! १ मेपासून रोज तुकड्या निघत, रोज अटक होई. आधी जमनालाल बजाज, पुढे वल्लभभाई पटेल यांनी धुरा सांभाळली. दीड हजारांवर माणसं तुरुंगात गेली आणि १८ ऑगस्टला मिरवणूक झेंडा घेऊन त्याच रस्त्यावरून गेली. या सत्याग्रहात जबलपूरहून गेलेल्या सुभद्राकुमारी चौहान यांना अटक झाली. वय अठराच्या आसपास. पुढे ज्यांच्या कवितेमुळे उत्तरेतलं पोरन् पोर तांब्यांच्या मनूला, झाशीच्या राणीला ओळखू लागलं, त्या या सुभद्राकुमारी.

याच्या सहा वर्षं आधी, १० जानेवारी १९१७ रोजी, अमेरिकेत काही स्त्रिया अध्यक्षांच्या व्हाइट हाउससमोर जाऊन उभ्या राहिल्या. अ‍ॅलिस पॉल त्यांची पुढारी. मागणी एकच, मताचा हक्क. त्या घोषणा देत नसत. जांभळा, पांढरा, सोनेरी पट्टा आणि हातात फलक, बस्स. कडाक्याच्या थंडीत पाळ्या लावून त्या महिनोन्महिने उभ्या राहिल्या. पुढे महायुद्धात अमेरिका उतरली आणि अध्यक्ष विल्सन जगाला लोकशाहीचे धडे देऊ लागले, तेव्हा बायकांनी त्यांचीच वाक्यं फलकांवर लिहिली. जूनपासून धरपकड सुरू झाली. आरोप काय? वाहतुकीला अडथळा! पदपथावर गप्प उभ्या असलेल्या बायकांनी रस्ता अडवला म्हणे. दंड भरायला त्यांनी नकार दिला आणि तुरुंग पत्करला. तिथे उपोषण केलं, तर नाकातोंडात नळ्या खुपसून बळजबरीनं अन्न ओतलं गेलं. त्या अटकाच बेकायदा होत्या, असा न्यायालयाचा निकाल १९१८ साली आला.

मला त्या लढ्यातलं एक दृश्य सारखं दिसतं. बायकांना मताचा हक्क देणाऱ्या घटनादुरुस्तीला एकेक राज्य मान्यता देई, तसा अ‍ॅलिस पॉल आपल्या निशाणावर एकेक तारा शिवत. छत्तीस तारे हवे होते. छायाचित्रात त्या मान खाली घालून सुई चालवताना दिसतात, मांडीवर कापडाचा ढीग. १८ ऑगस्ट १९२० रोजी टेनेसी राज्याचा छत्तीसावा तारा आला, तोही काठावरच्या बहुमतानं. चोवीस वर्षांच्या एका आमदारानं ऐनवेळी बाजू बदलली. खिशात आईचं पत्र होतं, बायकांना मत दे म्हणून. कुठल्या तरी घरात लिहिलेल्या त्या पत्रानं देशाची घटना बदलायला हात दिला.

पण हा विजय सगळ्यांचा नव्हता, हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. १९१३ साली वॉशिंग्टनच्या मोर्च्यात काळ्या स्त्रियांना मागे चालायला सांगितलं होतं. त्यांच्यातल्या आयडा वेल्स यांनी ते ऐकलं नाही. त्या गर्दीतून आल्या आणि आपल्या इलिनॉयच्या तुकडीत शिरल्या. दक्षिणेतल्या काळ्या बायकांना खऱ्या अर्थानं मत मिळायला १९६५ साल उजाडावं लागलं. आपल्याकडे मुंबई आणि मद्रास प्रांतांत १९२१ मध्ये स्त्रियांना मताचा हक्क मिळाला खरा, पण मालमत्तेची अट घालून. ज्या बाईच्या नावावर घरही नाही आणि साराही नाही, ती दाराबाहेरच राहिली. रस्ता मोकळा झाला म्हणताना कुणासाठी झाला, हे विचारायचं आपण पुष्कळदा विसरतो. चळवळीतली माणसंही विसरतात. ते मला सगळ्यात जास्त सलतं.

सुभद्राकुमारींचा पुतळा इथे नगर निगमच्या आवारात आहे. १९४९ साली त्यांची मैत्रीण महादेवी वर्मा यांच्या हस्ते त्याचं अनावरण झालं. घरपट्टी भरायला गेले की मी क्षणभर तिथे थांबते.

परवा फाटकाशीही थांबले. पहारेकऱ्यानं पुन्हा एकदा सांगितलं, तशी एक म्हातारी पाऊलभर बाजूला सरली. मोटार आत गेली. तिनं आपली घागर मात्र होती तिथेच ठेवली होती, आणि तिचं बघून बाकीच्या बायकांनीही आपापल्या घागरी तिच्या शेजारी मांडायला सुरुवात केली.