काळकण्णीची गोष्ट आणि आपली मुले

रात्री दिवा मालवण्यापूर्वी मुले गोष्ट मागतात. आपण धम्म स्वीकारला, घरातला देव्हारा काढला. पण गोष्टी मात्र पुष्कळ घरांत जुन्याच राहिल्या. त्यांत गरिबाला देव पावतो, नशीब उघडते, मोहरांचा हंडा सापडतो. असल्या गोष्टींतून मूल एवढेच शिकते की, स्वस्थ बसावे आणि वाट पाहावी. म्हणून मुलांना कोणती गोष्ट सांगावी, हा प्रश्न दिसतो तितका लहान नाही.

पाली जातकात ५४७ कथा आहेत. त्यांतली ८३ वी कथा काळकण्णीची. काळकण्णी म्हणजे करंटा, अवलक्षणी. जेतवनाचे दान देणारा श्रावस्तीचा अनाथपिंडिक आणि हा काळकण्णी लहानपणी एकत्र धुळीत खेळलेले, एकाच गुरूजवळ शिकलेले. पुढे काळकण्णीला दारिद्र्य आले. तो मित्राकडे आला. अनाथपिंडिकाने त्याला ठेवून घेतले आणि आपला कारभार त्याच्या हाती दिला. घरची माणसे कुरकुरू लागली. ऊठ काळकण्णी, बस काळकण्णी, हे अभद्र नाव दिवसभर कानांवर नको. शिवाय हा दरिद्री माणूस आपल्या बरोबरीचा नाही, असे त्यांचे म्हणणे. अनाथपिंडिकाने उत्तर दिले की, नाव हे केवळ ओळखण्यापुरते असते. नावासाठी मी बालमित्राला टाकणार नाही.

एकदा तो घर काळकण्णीवर सोपवून परगावी गेला. मालक घरी नाही असे पाहून चोरांनी रात्री घराला वेढा दिला. काळकण्णी जागाच होता. त्याने माणसांना उठवले, कोणाला शंख फुंकायला लावले, कोणाला ढोल बडवायला. घरात मोठा जमाव आहे असे वाटून चोर हत्यारे टाकून पळाले.

गोष्ट ऐकून एखादे मूल म्हणेल, “म्हणजे करंटा शेवटी भाग्यवान निघाला!” तेथे थांबून त्याला विचारावे, घर भाग्याने वाचले की जागरणाने? काळकण्णी झोपला असता तर कोणते नक्षत्र धावून आले असते? आपण विहारात महामंगल सुत्त म्हणतो. त्यातही मंगल म्हणून शकुन किंवा मुहूर्त सांगितलेले नाहीत. आईवडिलांची सेवा, निर्दोष कर्म, अप्रमाद अशी आचरणे सांगितली आहेत.

पण याहून अवघड प्रश्न पुढेच आहे. चोर आले नसते तर? मग काळकण्णी नालायक ठरला असता काय? नाही. अनाथपिंडिकाने त्याच्यावर विश्वास टाकला तो चोर येण्यापूर्वी, घरच्यांचा विरोध असताना, कसलाही पुरावा हाती नसताना. पुरावा मिळाल्यावर ठेवलेला विश्वास हा व्यवहार झाला. आधी दिलेला विश्वास ही मैत्री.

हे आपल्याला कोणी शिकवायला नको. पिढ्यान्‌पिढ्या आपल्याला अपशकुनी मानले गेले आणि त्याचे कारण म्हणून पूर्वजन्मीचे पाप दाखवले गेले. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी दाखवून दिले आहे की, पूर्वकर्माच्या या सिद्धांतामुळे दीनदुबळ्यांच्या स्थितीची जबाबदारी समाजाला अंगावरून झटकता येते. म्हणून जातकाची पूर्वजन्माची चौकट बाजूला ठेवावी. त्यातली माणुसकी तेवढी घ्यावी.

आणि आता आपल्याच घरात पाहावे. नवी सून आल्यावर म्हैस मेली, तर तिला पांढऱ्या पायाची कोण म्हणतो? नापास झालेल्या पोराला “तुझं नशीबच फुटकं” कोण ऐकवतो? १९५६ साली नागपूरला जो शिक्का आपण पुसला, तोच आपण आपल्या लेकरांच्या कपाळी मारत असू, तर दीक्षा अजून उंबऱ्याबाहेरच आहे.

आज रात्री मुलांना काळकण्णीची गोष्ट सांगा. आणि उद्या सकाळी नापास झालेल्या त्या पोराच्या हाती घरातले एखादे जबाबदारीचे काम विश्वासाने द्या.