गडग्यापलीकडची टिकटिक

दापोली तालुक्यात, समुद्राच्या जवळ, आबांचं कौलारू घर आहे. मागे आगर, आगराच्या शेवटी जांभ्या दगडाचा गडगा आणि गडग्यापलीकडे तात्या. गडगा हातभर सरकला की नाही, यावरून दोन्ही घरांत दिवाणी दावा चालू होता आणि बोलणं बंद होतं. इतकं बंद, की लग्नाची पत्रिकासुद्धा पोस्टानं जायची.

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ किनाऱ्यावर आलं आणि आबांच्या आगरातले उंच माड, पोफळी आडव्या करून गेलं. वीज गेली, फोन मुके झाले. मुलगी मेधा तेव्हा पुण्याला होती. घरचे सुखरूप आहेत एवढं एक वाक्य तिच्यापर्यंत पोचायला कित्येक दिवस लागले. ते दिवस ती विसरली नाही. डिसेंबर 2004 च्या त्सुनामीत अंदमानचा संपर्क तुटला होता, तेव्हा पोर्ट ब्लेअरला रेडिओ मोहिमेसाठी गेलेल्या भारती प्रसाद यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी आपल्या संचांवरून लोकांचे निरोप पोचवले होते, हे तिनं कुठेतरी वाचलं आणि हॅम रेडिओच्या, म्हणजे हौशी लोकांच्या परवानाधारक रेडिओच्या, मागे लागली. केंद्र सरकारच्या दूरसंचार खात्याची परीक्षा दिली, परवाना मिळाला, ‘व्हीयू थ्री’नं सुरू होणारं स्वतःचं कॉलसाइन मिळालं. पुढे बँकेनं बदली दापोलीला केली आणि ती घरी आली ती डोक्यात एकच गोष्ट घेऊन: इथे आपलं केंद्र उभारायचं.

संच तिनं साधाच घेतला. हैदराबादच्या अशर फरहान यांनी आखलेला मायक्रो-बिटएक्स, ताकद दहाएक वॉट, चालतो बारा व्होल्टच्या बॅटरीवर. मला तिचा हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो. नवशिक्या माणसाचे सगळे पैसे चकचकीत संचात जातात आणि तारेपाशी येईस्तोवर खिसा रिकामा होतो. ऐकणाऱ्याच्या मीटरवर सिग्नल एका एस-अंकानं वाढवायचा तर ताकद चौपट करावी लागते. दहा वॉटचे चाळीस करावे लागतात. तीच वाढ कित्येकदा तार नीट आणि उंच टांगली की फुकटात मिळते.

तारेचं गणित सोपं आहे. चाळीस मीटरच्या पट्ट्यात, 7.1 मेगाहर्ट्झवर बोलायचं तर 142.5 ला 7.1 नं भागायचं. उत्तर येतं वीस मीटर. मधोमध तोडून दहा-दहा मीटरचे दोन पंख करायचे, मध्ये कोअ‍ॅक्स केबल जोडायची, की झाला डायपोल. अडचण एवढीच होती, की घराच्या कोपऱ्यापासून गडग्यापर्यंत जागा जेमतेम चौदा मीटर. वादळानंतर आगरात उंच झाडही उरलं नव्हतं. मेधानं घराकडे लोखंडी पाइप उभा केला, गडग्याशी बांबू रोवला आणि तारेची उरलेली टोकं दोन्हीकडे खाली लोंबती सोडली. चालतं तसंही.

संध्याकाळी तिनं हेडफोन लावला. आवाज आला, पण माणसांचा नव्हे. टिक. टिक. टिक. सेकंदाला एक, घड्याळासारखा. त्याच्या आड कुणीतरी दूर बोलत होतं, पण शब्द लागत नव्हता. दुसऱ्या दिवशीही तेच.

आधी आपलंच घर तपासायचं असतं. तिनं मेन स्विच पाडला. इन्व्हर्टर, मोबाइलचे चार्जर, एलईडीचे दिवे, सगळं बंद केलं. संच बॅटरीवर होता, त्यामुळे चालूच राहिला, आणि टिकटिकही. म्हणजे उगम घरात नव्हता. मग तिनं आबांचा जुना ट्रान्झिस्टर काढला, मीडियम वेव्हवर जिथे एकही स्टेशन लागत नाही अशा जागी काटा आणला आणि अंधारात आगरातून चालायला लागली. विहिरीपाशी आवाज बारीक. गडग्याकडे वळली तसा मोठा. गडग्याच्या कडेनं फणसाच्या रोखानं गेली तसा आणखी मोठा. फणस तात्यांचा. त्याच्या बुंध्याशी तात्यांच्या तारेच्या कुंपणावर एक बारीक निळी ठिणगी, टिकच्या तालावर, पेटत होती आणि विझत होती.

माकडांसाठी आणि रानडुकरांसाठी तात्यांनी झटका मशीन बसवलं होतं. हे यंत्र दर सेकंदाच्या आसपास तारेत क्षणभराचा जोरदार झटका सोडतं. तार नीट असेल तर रेडिओला त्याचा फारसा त्रास नसतो. इथे खांबावरचा इन्सुलेटर तडकला होता आणि पावसाळ्यात माजलेला एक वेल तारेवर चढला होता. झटका माकडाला बसण्याऐवजी वेलातून जमिनीत जात होता आणि जाताजाता ठिणगी पाडून मेधाचं आकाश खराब करत होता.

तिनं घरी येऊन सांगितलं, तेव्हा आबा म्हणाले, “तुला पाचशे किलोमीटरवरच्या माणसाशी बोलायचंय ना? मग दहा पावलांवरच्याशी कशाला जातेस? त्यांचं त्यांना बघू दे.”

मेधा काही बोलली नाही. पण रात्री ठिणगी नीट पाहून ठेवावी म्हणून ती पुन्हा गडग्याशी गेली आणि पलीकडून बॅटरीचा झोत तोंडावर आला.

“कोण गं तिकडे?”

“मी मेधा, तात्या. तुमच्या कुंपणाचा करंट इथे गळतोय.”

तात्या गप्प राहिले. मग म्हणाले, “तुला काय माहीत?”

तिनं ट्रान्झिस्टर गडग्यावर ठेवला आणि आवाज वाढवला. टिक. ठिणगी. टिक. ठिणगी. तात्या खाली वाकून बघत राहिले. “मेलं हे मशीन,” ते म्हणाले. “नव्यानं घेतलं, तरी माकडं अख्खी बाग नासून जातात. दुकानदार म्हणतो, मशीन चांगलं आहे. मी म्हणतो, पैसे पाण्यात गेले.”

“मशीन चांगलंच आहे. आधी ते बंद करा, मग वेल काढा.”

तात्यांनी मशीन बंद केलं. कोयत्यानं वेल तोडला, सकाळी नवा इन्सुलेटर आणून बसवला. मशीन पुन्हा चालू झालं तेव्हा मेधा हेडफोन लावून बसली होती. टिकटिक गेली होती आणि तिच्या जागी बेळगावकडचे दोन जण हवापाण्याविषयी बोलत होते. त्याच दुपारी कुंपणावर चढलेलं पहिलं माकड किंचाळून परत गेलं. तात्या पडवीतून उठून बघायला आले, असं आबांनीच नंतर सांगितलं. म्हणजे आबाही बघत होते.

चार दिवसांनी तात्यांनी गडग्यावरून विचारलं, “ती तार अशी लोंबती का ठेवलीस?” मेधानं कारण सांगितलं. तात्यांनी फणसाकडे मान वर करून पाहिलं. निसर्गमध्ये त्याची एक फांदी तेवढी गेली होती. “ह्याला बांध की मग,” ते म्हणाले.

तार चढवण्याचा दिवस सगळ्यांत रंगला. फणसाच्या फांदीवरून दोरी न्यायची होती. तात्यांनी माकडांसाठीची गलोल काढली, खड्याला मासेमारीची तंगूस बांधली आणि तिसऱ्या नेमात ती फांदीवरून पलीकडे उतरवली. तंगुशीमागून सुतळी, सुतळीमागून नायलॉनची दोरी. दोरीला लहान कप्पी लावली आणि दोरीच्या मोकळ्या टोकाला वाळूचा डबा टांगला, म्हणजे वाऱ्यात फणस हलला तरी डबा वरखाली होतो, तार तुटत नाही. महावितरणची लाइन आगराच्या दुसऱ्या अंगाला होती. ती लांब आहे हे मेधानं आधीच पाहून घेतलं होतं. हे पाहिल्याशिवाय कुणी तारेला हात लावू नये.

आता एका टोकाला तात्या आणि दुसऱ्या टोकाला माणूस हवा. मेधाला मध्ये केबल धरून उभं राहायचं होतं. तिनं आबांकडे पाहिलं. आबा ओटीवरून उतरले आणि काही न बोलता पाइपाजवळची दोरी हातात घेतली.

एका बाजूनं जास्त ओढलं की मधला जोड सरकतो, केबल ताणली जाते. न बोलता हे काम होतच नाही.

“थांब, थांब!” तात्या ओरडले. “आबा, ढील दे!”

“दिली! आता तू ओढ!”

“आणखी हातभर!”

हातभर हा शब्द निघाला आणि दोघं क्षणभर थबकले. मग आबांनी दोरी हातभर सोडली.

तार नऊ मीटरवर गेली. मेधानं तार मुद्दाम थोडी लांब ठेवली होती. मीटरवर एसडब्ल्यूआर, म्हणजे तार संचाशी किती जुळली ते सांगणारा आकडा, बघत ती तार खाली घ्यायला लावायची, दोन्ही टोकांनी बोट-बोटभर सारखी कापायची आणि पुन्हा चढवायची. म्हाताऱ्यांनी कुरकुर केली नाही. आकडा 1.3 वर आला तेव्हा तिनं जोडावर रबरी टेप गुंडाळली, घरात शिरण्याआधी केबलला खाली झोळ दिला, म्हणजे पावसाचं पाणी तिथेच ठिबकून जातं, आणि सकाळी बंगळूरच्या एका केंद्रानं तिला पहिलं उत्तर दिलं. तात्यांनी विचारलं, जपान लागतं का? इतक्या कमी उंचीवर या पट्ट्यात लहरी बहुतेक वर जातात आणि वरून आसपासच्या काहीशे किलोमीटरांत उतरतात. त्यामुळे पुणे, गोवा, बंगळूर छान लागतं, असं तिनं समजावलं. वादळात लागतो तो शेजारच्या जिल्ह्याचाच आवाज.

गडग्याचा दावा मिटलेला नाही. तारखा पडतात. पण विजा चमकायला लागल्या आणि मेधा बँकेत असली, की केबल संचातून काढून बाहेर टाकायचं काम आबा करतात आणि तात्या गडग्यावरून विचारून घेतात, काढलीस का म्हणून. दर मे महिन्यात तार खाली येते, उन्हानं जीर्ण झालेली दोरी बदलली जाते, आणि त्याला दोन्ही बाजूंना माणूस लागतो.

घरी पहिलं केंद्र उभारायचं मनात असेल, तर संचाची किंमत काढण्याआधी बॅटरीवरचा एक ट्रान्झिस्टर घेऊन रात्री घराभोवती फिरून या. खरखर कुंपणापलीकडून येत असेल, तर तक्रार घेऊन जाऊ नका. त्या माणसाचं काय बिघडलंय ते सांगायला जा.