प्रकाशाचें माप

कॅमेरा खोटें बोलत नाहीं असें म्हणण्याची चाल पडून गेली आहे. न्यायालयांत, वर्तमानपत्रांत, इतकेंच काय पण विवाहाच्या वाटाघाटींतहि छायाचित्राला साक्षीदाराचा मान मिळतो. चित्रकार आपल्या मनाचें कांहीं मिसळील, पण यंत्राला मन नाहीं, सबब तें निःपक्षपाती, अशी ही विचारसरणी आहे. गेलीं तीस वर्षें प्रत्येक दीर्घ सुटींत मालवणच्या किनाऱ्यावर कॅमेरा गळ्यांत अडकवून हिंडल्यानंतर आमचें मत याहून निराळें झालें आहे. यंत्राला मन नसतें हें खरें. पण त्याला एक पूर्वग्रह मात्र असतो, आणि तो ओळखल्यावांचून काढलेलें चित्र कधीं कधीं खोट्या साक्षीहून वाईट ठरतें. हें मत आम्हांस पुस्तकांतून मिळालें नाहीं; तें आम्ही एका वृद्ध कोळिणीकडून शिकलों. ती हकीकत योग्य स्थळीं येईलच. तिचा अर्थ नीट ध्यानांत यावा म्हणून प्रथम दोन-चार साध्या गोष्टी सांगणें जरूर आहे.

ज्यांनीं मालवण पाहिलें आहे त्यांस ठाऊक आहे कीं, हा किनारा पश्चिमाभिमुख आहे. सूर्य सह्याद्रीमागून उगवतो आणि समुद्रांत बुडतो. येवढ्या एका गोष्टीनें येथील बहुतेक छायाचित्रांचें भवितव्य ठरून जातें. समोर कुरटे बेटावर शिवछत्रपतींनीं १६६४ सालीं पाया घालून बांधविलेला सिंधुदुर्ग उभा आहे. सकाळीं मालवणच्या धक्क्यावरून पाहावें तर सूर्य आपल्या पाठीशीं असतो. तटाची नागमोडी वळणें, बुरुज, पायथ्याचे खडक, सारें स्वच्छ दिसतें. त्याच जागेवरून सायंकाळीं पाहावें तर तोच तट म्हणजे सोनेरी पाण्यावर ओढलेली एक काळी रेघ होऊन बसतो. सकाळच्या चित्रांत माहिती असते, सायंकाळच्या चित्रांत भावना असते. यांपैकीं खरा किल्ला कोणता? दोन्ही खरे, असें उत्तर आम्ही तरुणपणीं बेधडक देत असूं. आणि किल्ल्यापुरतें तें आजहि बरोबर वाटतें. माणसापुरतें तें बरोबर आहे काय, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

आतां यंत्राचा पूर्वग्रह म्हणजे काय तें पाहूं. कॅमेऱ्यांत प्रकाश मोजणारें जें उपकरण असतें तें वस्तूवरून परत आलेला प्रकाश मोजतें. ती वस्तु मुळांत पांढरी कीं काळी हें कळण्यास त्याला मार्ग नसतो. म्हणून समोर जें कांहीं आहे तें मध्यम करड्या रंगाचें, म्हणजे पडलेल्या प्रकाशापैकीं सुमारें १८ टक्के प्रकाश परत फेंकणारें आहे, असें तें गृहीत धरून चालतें. त्याला तारकर्लीची पांढरी वाळू दाखवा. हें फार उजळ झालें अशा समजुतीनें तें प्रकाश तोडतें आणि वाळू मळकट होते. त्याला दशावतारांतील काळ्या वेषाचा संकासुर दाखवा. हा फार अंधार झाला अशा समजुतीनें तें प्रकाश वाढवितें आणि संकासुर राखेंत लोळल्यासारखा दिसूं लागतो. दोघांनाहि तें एकच माप लावतें, आणि एकच माप लावल्यामुळेंच दोघांवरहि अन्याय करतें. नवशिक्याला पहिला धडा घ्यावा लागतो तो हाच, आणि तो प्रथमदर्शनीं उफराटा वाटतो: पांढऱ्याला पांढरें राखावयाचें असेल तर यंत्र सांगेल त्याहून अधिक प्रकाश द्यावा, आणि काळ्याला काळें राखावयाचें असेल तर कमी द्यावा. म्हणजे माप घेण्यापूर्वीं समोर काय आहे याची ओळख पाहिजे. ओळख मापांतून निघत नाहीं. माप ओळखीच्या मागून चालतें.

आमचें निम्मेंअधिक आयुष्य उत्तरपत्रिका तपासण्यांत गेलें असल्यामुळें हा धडा आम्हांस थोडा झोंबला. 'सामान्य विद्यार्थी' नांवाची एक करडी आकृति आम्हां परीक्षकांच्या मनांत कायमची बसलेली असते. तिच्याहून उजळ कोण, काळवंडलेला कोण, हें आम्ही क्षणांत सांगतों. परंतु एखादा मुलगा कोणत्या उजेडांत वाढला हें मात्र आम्हीं कितीदां विचारलें असेल?

अलीकडचीं यंत्रें चेहरा ओळखून माप बदलतात, हा कोणी आक्षेप घेईल. परंतु काय ओळखावें हें यंत्राला शिकविणारा माणूसच असतो. रंगीत फिल्मच्या काळांत छपाईच्या प्रयोगशाळांना कोडॅक कंपनीकडून एक नमुन्याचें चित्र मिळत असे. त्यांत एक गोरी स्त्री असे, आणि तशा पहिल्या स्त्रीच्या नांवावरून त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. तिची कांति बरोबर उतरली म्हणजे रंग बरोबर जमले असें समजावयाचें! सांवळ्या माणसांचे चेहरे त्या मापांत हरवून जात. यांत कोणा एकाची दुष्टबुद्धि होती असें नव्हे. एका चेहऱ्याला सर्वांचें प्रमाण मानण्याची ती संवय होती, आणि संवयीचा अन्याय हा दुष्टाव्याच्या अन्यायाहून अधिक काळ टिकतो.

यावर कोणी म्हणेल, मग अधिक प्रकाश द्यावा म्हणजे झालें. पण दुसरा धडा याच्या आड येतो, आणि तो रात्रीचा आहे. कार्तिकांत गांवोगांवच्या जत्रा सुरू झाल्या म्हणजे देवळापुढें दशावतारी नाटक उभें राहतें. पूर्वीं मशाली असत, मग पेट्रोमॅक्स आले, आतां विजेचे दिवे आहेत. लांकडाचें एक बांक येवढीच काय ती रंगभूमीची संपत्ति; तेंच सिंहासन, तेंच सर्व कांहीं. पुरुष स्त्रियांचे वेष घेतात, संवाद जागच्या जागीं रचले जातात, आणि पहाटेपर्यंत गांवच्या गांव जागा असतो. अशा एका रात्रीं राजा रंगांत येऊन बोलत असतां आम्हीं फ्लॅश उडविला. राजा क्षणभर डोळे मिटून थांबला. पुढें चित्र पाहिलें तों त्यांत सर्व कांहीं स्पष्ट होतें: घामानें ओघळलेला रंग, खिळखिळा मुकुट, मागची विजेची वायर. राजा तेवढा नव्हता. त्याच्या जागीं तोंडाला रंग फासलेला एक थकलेला माणूस होता. अपुऱ्या प्रकाशांत वस्तु झांकली जाते, आणि उपऱ्या प्रकाशांत ती उघडी पडते. दिसत मात्र नाहीं दोहींतहि. कांहीं सत्यें त्यांच्या स्वतःच्या उजेडांतच पाहावीं लागतात.

तिसरा धडा या जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, विजयदुर्गावर मिळतो. २२ जानेवारी १८९८ रोजीं तेथून खग्रास सूर्यग्रहण दिसलें. तें टिपण्यासाठीं इंग्रज ज्योतिर्विद् सर नॉर्मन लॉकियर यांनीं किल्ल्यांत तळ दिला आणि युद्धनौकेवरील खलाशांकडून अनेक दिवस कवायत करून घेतली. कारण ग्रहणाची खग्रास स्थिति जेमतेम दोन मिनिटांची होती. त्याच दिवशीं सोलापूर जिल्ह्यांत जेऊर येथें पुण्याच्या सायन्स कॉलेजांतील प्रोफेसर कावसजी दादाभाई नायगमवाला हेहि आपलीं यंत्रें मांडून बसले होते. (किल्ल्यावर 'साहेबाचे कट्टे' दाखवितात आणि १८६८ सालीं हेलियम वायूचा शोध तेथूनच लागला असें सांगतात. वास्तविक त्या सालीं लॉकियर इंग्लंडांतच होते, आणि सूर्याच्या वर्णपटांतील ती पिवळी रेषा त्यांनीं तेथूनच पाहिली. आपल्या किल्ल्याच्या गौरवाला खऱ्या १८९८ चा प्रकाश पुरेसा आहे. अभिमानानेंहि चित्र करपतें.) खग्रास सूर्याभोंवतीं जें तेजोवलय दिसतें तें सूर्यबिंबालगत फार तेजस्वी आणि बाहेर झपाट्यानें मंद होत जाणारें असतें. क्षणभरच प्रकाश घेतला तर आंतील भाग उमटतो, बाहेरचा नाहींसा होतो. अधिक वेळ घेतला तर बाहेरचा उमटतो, आंतील करपतो. म्हणून ज्योतिर्विद् एका चित्रावर विसंबत नाहींत; निरनिराळ्या अवधीचीं अनेक घेतात. एका चित्रांत ही वस्तु मावत नाहीं अशी ती कबुली आहे, आणि आम्हांस ती शास्त्राच्या अनेक विजयांहून मोठी वाटते.

आतां ती हकीकत. पंचवीसएक वर्षांपूर्वींची गोष्ट. फिल्मचे दिवस होते. देवबागकडील किनाऱ्यावर सायंकाळीं रापण चालली होती. होडींतून समुद्रांत अर्धवर्तुळाकार सोडलेल्या लांबलचक जाळ्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावर आणून माणसांच्या दोन रांगा तें ओढतात, आणि मासळीचे वाटे सर्वांत पडतात. एक तरुण दोर खांद्यावर घेऊन, पाण्याकडे पाठ करून, पाय वाळूंत रोवीत वर येत होता. त्याच्या मागें सूर्य समुद्राला टेकला होता. यंत्रानें पाण्याचा झगमगाट मोजला आणि त्या मानानें प्रकाश तोडला. हें आम्हांस कळत होतें. आम्हीं तें सुधारलें नाहीं, कारण जी काळी आकृति येईल ती सुंदर येईल हेंहि कळत होतें. ती आलीहि सुंदर. शहरांतील एका प्रदर्शनांत तिची वाखाणणी झाली. खालीं आम्हीं 'श्रम' असें नांव दिलें होतें. त्या तरुणाचें नांव आम्हीं विचारलें नव्हतें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं तोच तरुण तेथेंच जाळें वाळत घालीत होता. सूर्य आमच्या पाठीशीं होता आणि त्याच्या चेहऱ्यावर सरळ पडला होता. आम्हांस ओळखून तो हंसला. आम्हीं कॅमेरा पिशवींतून काढलाहि नाहीं. त्या उजेडांत आम्हांस कांहीं विशेष दिसलें नाहीं.

दोन वर्षांनीं तिकडे गेलों तों तो तापानें वारल्याचें समजलें. त्याची आई आम्हांस शोधीत आली. घरीं त्याचा एकहि फोटो नव्हता. "मास्तरांनू, तुमी तेचो फोटो काडलेलो मा?" तिनें विचारलें. पुढच्या सुटींत आम्ही ती तसबीर चांगल्या चौकटींत बसवून मोठ्या उत्साहानें घेऊन गेलों. त्या उत्साहाची आज लाज वाटते. तिनें ती दारांत, उजेडाला नेली. कांचेवर धूळ असेल असें वाटून ती पदरानें पुसली. पुन्हां पाहिलें, आणि कसलाहि राग न धरतां म्हणाली, "माज्या झिलाचा तोंड खंय आसा?"

आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. घरीं येऊन आम्हीं मूळ निगेटिव्ह उजेडावर धरली. चेहऱ्याच्या जागीं ती निव्वळ पारदर्शक होती. तेथें प्रकाश पोहोंचलाच नव्हता. जुन्या छायाचित्रकारांचा एक नियम आहे: माप सांवल्यांचें घ्यावें. उजळ भाग मागाहून रसायनांत आवरतां येतो; पण सांवलींतील जें त्या क्षणीं टिपलें गेलें नाहीं तें मागाहून कोणत्याहि युक्तीनें आणतां येत नाहीं. आजच्या डिजिटल यंत्रांत धोका बहुधा उलट बाजूचा असतो, अति उजळ भाग गेला कीं गेला. परंतु तत्त्व तेंच. कांहीं चुका अशा असतात कीं, त्यांस त्या क्षणाबाहेर उपाय नसतो.

आमचे एक चित्रकार स्नेही म्हणतात, "तुम्ही उगाच मनाला लावून घेतां. कला म्हणजे पासपोर्टचा फोटो नव्हे. चेहरा नाहीं म्हणूनच तो माणूस सर्व श्रमिकांचा प्रतिनिधि झाला." या म्हणण्यांत तथ्य नाहीं असें नाहीं. परंतु आम्हांस राहून राहून वाटतें कीं, प्रतीक करणें हीहि एक प्रकारची सरासरीच आहे. यंत्र सर्वांना करडें समजतें; आम्हीं त्याला 'श्रम' समजलों. ओळख दोघांनींहि टाळली. आमच्या देशाला याचा जुना अनुभव आहे. १८६८ ते १८७५ या काळांत इंग्रज सरकारनें 'द पीपल ऑफ इंडिया' या नांवानें आठ खंडांत येथील लोकांचीं छायाचित्रें प्रसिद्ध केलीं, तीं मुख्यतः जाती-जमातींचे नमुने म्हणून. त्याबद्दल आपण परकीयांना दोष देतों, आणि तो योग्यच आहे. परंतु रापण ओढणाऱ्याकडे 'श्रम' म्हणून पाहणारा प्राध्यापक त्यांच्याहून कितीसा निराळा होता?

यावरून माणसाची छायाकृति काढूंच नये असें आम्ही म्हणत नाहीं. सायंकाळ खरी आहे, आणि त्या उजेडांत तो तरुण तसा दिसत होता हेंहि खरें आहे. चूक त्या चित्रांत नव्हती. तें एकच होतें, यांत होती. किल्ल्याला सायंकाळच्या रेघेवर समाधान मानतां येतें, कारण त्याची सकाळ उद्यां पुन्हां येणार आहे. माणसाची येतेच असें नाहीं. तेव्हांपासून आमचा एक रिवाज आहे. प्रथम नांव विचारावें, मग सकाळच्या उजेडांत चेहरा टिपावा, त्याची प्रत त्याच्या घरीं पोंचवावी, आणि मग सायंकाळीं सुचेल ती कला करावी. या क्रमानें आमच्या कांहीं कलाकृति हुकल्या असतील. त्याबद्दल आम्हांस खेद नाहीं.

कॅमेरा सर्वांच्याच हातीं असतो असें नाहीं. आतां तो बहुतेकांच्या खिशांत आहे, ही गोष्ट निराळी. परंतु माप मात्र आपण सगळेच रोज घेत असतों: शिक्षक विद्यार्थ्याचें, अधिकारी अर्जदाराचें, घरची माणसें नव्या सुनेचें, आणि मालक नोकराचें. हे आपले निकाल पुष्कळदां निःपक्षपाती असतात, सुबकहि असतात. पण ज्यांचें माप आपण घेतलें त्यांच्यापैकीं एखाद्याची आई उद्यां दारांत येऊन उभी राहिली, आणि आपण काढलेलें चित्र उजेडाला धरून माझ्या मुलाचें तोंड यांत कोठें आहे असें विचारूं लागली, तर आपल्यापाशीं तिला दाखवावयास कांहीं असेल काय?